गार्डनानांचे राजवाडे

माणसं निरोप देताना हात हलवतात. विश्रामनाना हात हलवत नसत. उजवा हात खांद्याच्या रेषेत लांब करायचे, तसाच ताठ धरायचे आणि जाणारा माणूस कोपऱ्यावरून दिसेनासा होईपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. हातात हिरवं निशाण तेवढं नसायचं. नवखा पाहुणा बिचारा गोंधळून परत यायचा, आपलं काही विसरलं की काय म्हणून विचारायला. मग नाना गाडी सोडणाऱ्या गार्डासारखे म्हणायचे, "नही भो, जाय तू. राइट शे."

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत. ती अशी की फोडणी त्यांच्याकडे पडली की शिंका आमच्याकडे. आमचे हे लोको शेडात, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण आणि नाना मालगाडीचे गार्ड. नाव विश्राम ठेवणाऱ्या आत्याला बाळात काय दिसलं होतं कोण जाणे! या माणसाला मी स्वस्थ बसलेला असा एकदाच पाहिला, आणि त्या एकदासाठीच हे सगळं सांगायला बसले आहे.

ठेंगणी, काळीसावळी मूर्ती, डोक्यावर केस नावाला. ड्यूटीला निघाले की पांढराशुभ्र ड्रेस, आणि ड्यूटी नसली की बनियन. पण शिट्टी दोन्हीवर. ती दोरीनं गळ्यातच असायची, आंघोळीलासुद्धा. पाणी तापलं की नाही हे विचारायला एक शिट्टी, टॉवेल राहिला तर दोन. आमचा धाकटा तेव्हा नुकता चालायला लागला होता; तो त्या शिट्टीवर उठायचा, शिट्टीवर जेवायचा. मी चिडायचे. "नाना, हे घर आहे, यार्ड नाही," म्हणायचे. त्यावर ते भिंतीपलीकडून आणखी एक वाजवायचे.

कॉलनीतल्या लग्नांत त्यांना मोठा मान होता, कारण नाना असले की मुहूर्त टळत नसे. नवरदेव पारावर रेंगाळला की यांचं घड्याळ खिशातून बाहेर. एकदा तर भटजी अजून मंगलाष्टकांतच होते आणि नानांनी मागून शिट्टी दिली. वऱ्हाडानं अक्षता टाकल्या, वाजंत्री वाजायला लागली, भटजी बघतच राहिले. "लेट व्हई ऱ्हायंतं," एवढंच नाना म्हणाले.

नाना धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूचे. बाहेर साहेबांशी नीट मराठी, घरात आणि रागात अहिराणी. त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते कोणालाही, विचारलं नसताना, ऐकवायचे. "ड्रायव्हर पुढलं देखस, गार्ड मांगलं देखस." पुढे सिग्नल काय, रूळ कसा, ती काळजी इंजिनातल्या माणसानं करावी. डबे सगळे आले का, शेवटचा दिवा लागला आहे का, मधूनच गाडी तुटून अर्धी रानात तर राहिली नाही ना, हे गार्डानं बघायचं. "मांगे जे ऱ्हाई गयं ना, मास्तरीनबाई, ते बठ्ठं मन्हं," मागे राहिलं ते सगळं माझं, असं म्हणून छातीवर थाप मारायचे. घरातून बाजाराला निघाले तरी थोडं चालून थांबायचे आणि मागे वळून बघायचे. दाराला कुलूप आहे का, पिशवी आली का, अक्का आल्या का. मग पुढे चालू लागायचे.

अक्का म्हणजे त्यांची बायको. रावेरकडच्या, केळीवाल्या शेतकऱ्याची लेक. नवऱ्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि बोलणं बेताचं. त्यांची बोली निराळी. नाना 'शे शे' करायचे, त्या 'मले, तुले' करायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकमेकांचा एक शब्द उचलला नाही, आणि एकमेकांचं बोलणं कळलं नाही असंही कधी झालं नाही. आम्ही बौद्ध. आमच्या बुद्धपौर्णिमेची खीर पहिली त्यांच्याकडे जायची, त्यांच्या पोळ्याच्या पुरणपोळ्या पहिल्या आमच्याकडे यायच्या. अक्का तर आमच्या स्वयंपाकघरात सरळ शिरून डब्यातला गूळ काढून न्यायच्या आणि जाताना सांगायच्या, "सुनंदा, गूळ संपला तुझा." हे मुद्दाम सांगते, कारण पुढे अक्कांच्या सोवळ्याची एक गोष्ट येणार आहे.

नानांना एकच वेड होतं, राजवाड्यांचं.

रेल्वेच्या माणसाला वर्षाला फुकट प्रवासाचे पास मिळतात. कॉलनीतली माणसं पासवर काशीला जात, तिरुपतीला जात, बहिणीच्या बाळंतपणाला जात. नाना राजवाडे बघायला जात. देवळात त्यांना राम वाटत नसे, समुद्र एकदा पाहिला तेव्हा "पानीच शे" म्हणून परत आले. पण राजवाडा म्हटलं की डोळे लकाकायचे. एकदा मी विचारलं, हे कुठून शिरलं डोक्यात? म्हणाले, "पांजरना काठले, धाबाना घरमा वाढेल मानूस मी. पाऊस उना का माय खाटवर परात ठेवे. राजा कसा ऱ्हाये, ते देखनं शे माले."

आता रेल्वेच्या माणसांची म्हणून एक रीत आहे. पास जवळच्या गावाला वापरायचा नाही; तो वाया गेला असं समजतात. पास म्हणजे निदान दोन रात्रींचा प्रवास पाहिजे. रात्र गाडीत काढायची, सकाळी वेटिंग रूममध्ये आंघोळ, दिवसा गाव बघायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. लॉजवर उतरणं नानांना कमीपणाचं वाटायचं. आणि सामान स्टेशनवर ठेवावं म्हणाल, तर क्लोकरूमवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आपल्याच खात्याला माणूस जितका ओळखतो तितका दुसरा कोण ओळखणार! त्यामुळे होल्डॉल, पत्र्याची पेटी, दशम्यांचा डबा आणि फिरकीचा तांब्या अशी सगळी वरात टांग्यातून राजवाड्याच्या दारापर्यंत जायची. दारात सावली बघून अक्का बसायच्या, सामान त्यांच्याभोवती लागायचं, नाना घड्याळ बघायचे आणि आत जायचे.

बाहेर येऊन अक्कांना सगळं सांगायचे. गाडीत बसल्यावर पुन्हा सांगायचे. घरी आले की आम्हाला. संध्याकाळी अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूनं नकाशा काढायचे. ही ड्योढी, हा दरबार, आठे राजा बसे, आठे राणीसना झोका. ग्वाल्हेरच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांची बदकं ओळीनं चालली आहेत, हे सांगताना स्वतः कमरेत वाकून बदकासारखे चालून दाखवायचे. मैसूरच्या मंडपाला काचेचं छत आणि त्या काचेत मोर, हे सांगताना मान इतकी वर करायचे की शिट्टी पाठीवर जायची. आम्ही शेजारीपाजारी हसत ऐकायचो. अक्का बाजूला सूप घेऊन तांदूळ निवडत असायच्या आणि मान वर न करता मध्येच टोकायच्या, "अहो, गाडीत तुम्ही मोर निळा सांगला होता. आता हिरवा कसा झाला?" नाना चपापायचे, आठवायचे आणि कबूल करायचे की निळाच. आत गेलेल्या माणसापेक्षा न गेलेल्या बाईला जास्त पाठ होतं.

एकदा मी सहज विचारलं, "अक्का, तुम्हाला कोणता राजवाडा आवडला सगळ्यांत?"

"मले? मैसूरचा दरवाजा. सावली लय. बसायले चांगला."

आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यांत मोठ्यानं नाना हसले.

जयपूरहून आले त्या वर्षी तर त्यांनी कहर केला. तिकडच्या महालात भिंतीभर वेलबुट्टी पाहिली होती. भुसावळला येऊन कुठून तरी सिग्नलचा उरलेला लाल आणि हिरवा रंग पैदा केला आणि आपल्या क्वार्टरला राजवाडा करायला घेतला. पुढच्या खोलीत दाराभोवती वेल, वेलीला लाल फुलं. आत स्वयंपाकघरात दिवळीच्या वर एक मोर. हात काही चित्रकाराचा नव्हता. मोराचा पाय गिधाडाचा झाला होता आणि पिसारा केळीच्या पानासारखा. पण अक्का त्या मोराकडे बघत उभ्या राहिल्या ते चुलीवरचं दूध उतू गेलं तरी त्यांना कळलं नाही.

पंधरवड्यानं बांधकामाचे इन्स्पेक्टर साहेब क्वार्टर तपासायला आले. भिंत बघून त्यांच्या कपाळाला आठ्या. रेल्वेची भिंत पिवळी पाहिजे, नियम आहे. आणि हा रंग कुठला, ते तर विचारूच नका! नाना ताठ उभे. दुसऱ्या दिवशी चुना मारणारे आले, पुढच्या खोलीतली वेल गेली. ते बादली घेऊन स्वयंपाकघराकडे वळले तशा अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आत यायचं नाही. सोवळं आहे."

मी भिंतीपलीकडून ऐकत होते, मला ठसकाच लागला. सोवळं! ज्या बाईनं त्याच सकाळी माझ्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली होती, तिचं सोवळं! चुनेवाल्यांबरोबर आलेल्या साहेबांनीही जरा वाद घालून पाहिला, पण अक्कांच्या उंचीपुढे आणि सोवळ्यापुढे त्यांचं चाललं नाही. मोर राहिला. नाना नंतर मला म्हणाले, "मन्हा मोरले तिनी राखं." त्यांना फार अभिमान वाटला होता. अक्कांना मोर का हवा होता, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही.

अक्कांची आपली म्हणून एकच मागणी होती. दरवर्षी नवा पास निघायची वेळ आली की त्या एकदा म्हणायच्या, "औंदा बुऱ्हाणपूर जाऊ."

बुऱ्हाणपूर म्हणजे आमच्यापासून पॅसेंजरनं तासा-दीड तासाचं गाव. जुन्या खानदेशची राजधानी ती. आज मध्य प्रदेशात गेलं म्हणून काय झालं! तापीच्या काठावर तिथे शाही किल्ला आहे, खानदेशच्या सुलतानांनी बांधलेला, पुढे मोगलांनी सजवलेला. त्यात हमाम, म्हणजे राजघराण्याची न्हाणी, आणि त्या न्हाणीच्या छताला चित्रं काढलेली. अक्कांचे वडील केळीच्या गाड्या घेऊन बुऱ्हाणपूरच्या बाजारात जायचे. एकदा त्यांनी ते छत पाहिलं आणि घरी येऊन लेकीला सांगितलं की राजानं न्हाणीघरात डोक्यावर बाग लावली आहे. पुढच्या खेपेला तुला नेतो म्हणाले. पुढच्या खेपेच्या आत अक्कांचं लग्न ठरलं. तेव्हापासून ती बाग त्यांच्या डोक्यात होती.

नाना त्यावर हसायचे. "बुऱ्हानपूर? ते काय पासवर जावानं गाव शे का? पास वाया जाई."

"मग तिकीट काढा."

"गार्ड तिकीट काढी? लोक तोंडमा शेन घालतीन."

"मग तुमच्या गाडीत मागे, गार्डाच्या डब्यात न्या."

"ब्रेकमा बायको? नोकरी जाई मन्ही!"

आणि शेवटी ठरलेलं वाक्य. "बुऱ्हानपूर काय पळी जाई ऱ्हायनं का? कव्हयबी जाता येई." झालं! पासानं जायचं तर गाव फार जवळ, तिकिटानं जायचं तर माणूस फार रेल्वेचा. खंडव्याच्या मालगाड्या घेऊन हा गृहस्थ आठवड्यातून कितीदा तरी त्या गावावरून जायचा, आणि बायकोला घेऊन एकदाही उतरला नव्हता. मी म्हणायचे, "नाना, काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी तुमची गत." ते म्हणायचे, "वळसा फुकट शे ना, मास्तरीनबाई!"

अशी वर्षं गेली. लेक धुळ्याला दिलेली, तिच्या घराजवळ देवपुरात नानांनी प्लॉट घेतला, घर चढायला लागलं. रिटायरमेंट जवळ आली. अक्कांचे गुडघे धरले होते. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायऱ्या चढणं-उतरणं आता जपून, पुढे पुढे बंदच. धुळ्याला एकदा बिऱ्हाड गेलं की बुऱ्हाणपूर लांब पडणार, आणि गुडघे काही दिवसेंदिवस तरुण होणार नव्हते. अक्का हे कोणाजवळ बोलल्या नाहीत. फक्त 'औंदा बुऱ्हाणपूर' म्हणायच्या तेव्हा आवाज जरा खाली यायला लागला होता.

नोकरीतला शेवटचा पास निघाला तेव्हा नाना अंगणात मांडीवर टाइमटेबल घेऊन बसले होते. चेहरा असा की स्वतःचाच राज्याभिषेक आहे. "मास्तरीनबाई, अवंदा पार खाले. कन्याकुमारीना बाजूले. बठ्ठा लाकडी राजवाडा शे म्हनतस, खिळा बी नही!" मग गाड्या कुठे बदलायच्या, वेटिंग रूम कुठली चांगली, हे सगळं मला सांगून झालं. अक्का सुपातले खडे बाजूला काढत होत्या.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

"आनि तू?"

"मी नाही येत."

नाना हसले. थट्टा वाटली त्यांना. "का व? राजाशी भांडन व्हयनं का?"

"दरवाजे लय पाह्यले मी," अक्का म्हणाल्या. सूर चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. "आता गुडघे बसू देत नाहीत पायरीवर. तुम्ही पाहून या अन् सांगा मले." एवढं बोलून सूप उचललं आणि आत गेल्या.

नाना टाइमटेबल उघडं धरून बसून राहिले. मी काहीतरी निमित्त काढून घरात आले.

त्यानंतर काही दिवस भिंतीपलीकडून शिट्टी आली नाही. पाणी तापलं का ते विचारायला नाही, टॉवेलला नाही. आमचे हे म्हणाले, "नानांची तब्येत बरी आहे ना?" ड्यूटीला जात होते, येत होते, पण दारातून निघून मागे वळून बघायचे ते बघतच राहायचे.

मग एके सकाळी मी कपडे वाळत घालत होते तर तारेच्या कुंपणाशी येऊन उभे.

"मास्तरीनबाई, एक इचारू? ती मैसूरले मजार नही गयी?"

"आत? नाना, तुम्हीच सांगा. सामानापाशी कोण होतं?"

"ती."

"जयपूरला?"

"तीच."

"ग्वाल्हेरला?"

त्यांनी कुंपणाची तार धरली. म्हणाले, "पन मी तिले बठ्ठं सांगं ना! एक खांब सोडा नही." आणि ते खरंच होतं. त्या माणसानं एक खांब लपवला नव्हता. बायकोला सगळे राजवाडे दाखवले, असंच त्यांना इतकी वर्षं मनापासून वाटत होतं. मला हसूही येईना आणि रागही येईना.

"गार्ड शे मी," नाना म्हणाले. "आनि मांगे देखंच नही." गळ्यातली शिट्टी बोटात धरून त्यांनी उगाच फिरवली. त्यांचे डोळे भरले होते. मी ओला टॉवेल झटकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी भुसावळ स्टेशनवर जे झालं ते कॉलनीत महिनाभर पुरलं. नाना तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. हो, रांगेत! खिडकीतला क्लार्क त्यांच्या ओळखीचा, पोरासारखा. तो म्हणाला, "नाना, इकडून आत या ना, चहा घ्या."

"चहा नको. तिकीट दे. बुऱ्हानपूर, तीन."

"पाहुण्यांची का?"

"मी शे, मन्ही बायको शे, आनि मास्तरीनबाई शे."

"नाना, पास आहे ना तुमचा?"

"ते पासवर जावानं गाव नही," नाना म्हणाले. क्लार्कनं आतल्या दोघांना हाक मारून बोलावलं आणि तिघांनी मिळून गार्डनानांना तिकीट काढताना पाहिलं. कोणी शेण घातलं नाही. एकानं तर उठून नमस्कार केला म्हणतात, पण ते नानांनीच सांगितलेलं आहे.

मला बरोबर घ्यायचं अक्कांनी ठरवलं होतं. "पायऱ्यांले हात द्यायले कोनी पाह्यजे," म्हणाल्या. मी रजा टाकली. नाना गाडीत बसले ते पुठ्ठ्याचं तिकीट हातात घेऊनच. तिकीट तपासनीस आला, नानांना ओळखून हसला आणि पुढे गेला. नानांनी त्याला परत बोलावलं. "देख ना भो, तिकीट शे!" त्यानं बघितलं, टोचलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग दर स्टेशनाला खिडकीतून मान बाहेर, सिग्नल पडला का, मागचा डबा आला का. निंभोरा गेलं, रावेर गेलं. रावेरला अक्कांनी केळीच्या बागांकडे बघून पदर नीट केला.

बुऱ्हाणपूरला टांगा केला. टांगेवाला गावाच्या वेशीतून जाताना सांगत होता की बादशहाची लाडकी बेगम इथेच गेली, ताजमहाल खरं तर इथेच व्हायचा होता. नानांनी एरवी अशा माणसाला दहा प्रश्न विचारले असते. आज मागे वळून अक्का नीट बसल्या आहेत ना, तेवढं बघत होते. किल्ल्याच्या दारात टांगा थांबला. सामान फार नव्हतं, दिवसाची खेप, पण सवयीनं पेटी आणि डबा आणि फिरकीचा तांब्या आलेच होते. अक्का सवयीनंच सावलीकडे वळल्या.

नानांनी त्यांच्या हातातून डबा काढून घेतला. पायरीवर स्वतः बसले. पेटी उजवीकडे, डबा डावीकडे, तांब्या मांडीशी. "चपला काढ आठेच," म्हणाले. "पायले गार लागी मजार. जाय तू. मी शे आठे."

"अन् तुम्ही?" अक्का म्हणाल्या.

"सामानजोडे कोनी पाहिजे ना!"

अक्का त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग माझ्या दंडाला धरून आत निघाल्या. मी मागे वळून पाहिलं तर नाना पायरीवर ताठ बसले होते, अक्कांच्या चपला पायाशी जोडून ठेवलेल्या. स्वस्थ बसलेले नाना मी पाहिले ते तेव्हा.

आत बराचसा किल्ला पडलेला आहे. मोकळ्या गच्च्या, खाली तापीचं पात्र, पलीकडच्या तीरावर झाडी. अक्कांनी ते सगळं बघितलं, पण पाय हमामाकडे ओढत होते. एकेका पायरीला "आई गं" करत आम्ही पोचलो. आत गारवा होता. वर पाहिलं आणि मीच चालायची थांबले. घुमटाच्या पोटात फुलंच फुलं. लाल, हिरवी, निळसर. काही पार पुसलेली, काही काल काढावीत इतकी ताजी. एका घुमटातून दुसऱ्यात, कोनाड्यांतून कमानींवर, वेलींना कुठे अंतच नव्हता. जिथे गिलावा पडला होता तिथेसुद्धा डोळा आपोआप पुढची पाकळी काढत होता.

अक्कांनी मान वर करून बघायचा प्रयत्न केला. मान दुखली. मग त्यांनी भिंतीला हात लावून गुडघे हळूहळू मोडले, खाली बसल्या, आणि मी 'अहो अक्का' म्हणेपर्यंत त्या थंड फरशीवर चक्क उताण्या झोपल्या. पदर छातीवर, हात पोटावर, नजर वर.

राखणदार धावत आला. "अम्मा, क्या हुआ? पानी लाऊँ?"

"काही नाही बाबा," अक्का म्हणाल्या. "पाहून राह्यली."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. तो बिचारा दाराशी जाऊन बसला आणि आणखी लोक आले तर त्यांना म्हणायचा, थोडं थांबा, आत अम्मा बघत आहेत. मीही थोड्या वेळानं अक्कांच्या शेजारी आडवी झाले. शाळेतल्या पोरांनी मला तसं पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचार आला आणि गेलाही.

पुष्कळ वेळानं अक्का बोलल्या. "माह्या बापानं सांगलं तेव्हा मी लहान होती. मले वाटलं, मले कळलं." मग थांबून म्हणाल्या, "सुनंदा, हे सांगून कळतच नाही गं. त्यायची काही चूक नाही. त्यायनं लय सांगलं." आणि हसल्या. तोंडभर. त्या बाईला मी तसं हसताना पाहिलं नव्हतं.

परतीच्या पॅसेंजरची वेळ होत आली होती. अक्का उठायचं नाव घेईनात. स्टेशन गावापासून चांगलं लांब. मी घाबरून एकटीच बाहेर आले. नाना जसेच्या तसे बसले होते.

"नाना, गाडीची वेळ झाली! अक्का उठतच नाहीत. बोलवा ना, शिट्टी मारा!"

नानांनी घड्याळ काढलं, बघितलं, आणि परत खिशात ठेवलं. शिट्टीला हात लावला नाही. "जाऊ दे," म्हणाले.

"अहो, गाडी चुकेल!"

"चुकू दे. दुसरी येई." साऱ्या नोकरीत एक मिनिट लेट न झालेला माणूस हे बोलत होता. मला क्षणभर वाटलं ऊन लागलं यांना. म्हटलं, "मग तुम्ही तरी आत जा. मी बसते सामानापाशी. इतक्या लांब आलात, राजवाडा नाही बघायचा?"

"नको," नाना म्हणाले. "ती सांगी माले."

आमची गाडी गेली. अक्का आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. नानांनी चपला सरळ करून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

पुढे नाना रिटायर झाले आणि देवपुरातल्या नव्या घरी राहायला गेले. बिऱ्हाडाचा ट्रक निघाला तेव्हा ते ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत, मागे सामानावर चढून आमच्याकडे तोंड करून बसले आणि वळणापर्यंत हात लांब धरून होते. त्यांच्या जागी आलेल्या माणसांना मी स्वयंपाकघरातल्या मोराला हात लावू दिला नाही. सोवळं आहे म्हणून सांगितलं.

पण नाना आठवले की डोळ्यांपुढे ट्रक येत नाही. बुऱ्हाणपूरचा फलाट येतो. दुसऱ्या गाडीला अजून वेळ होता. बाकावर दोघं बसली होती, मी जरा लांब पेटीवर. अक्का सांगत होत्या. एरवी चार शब्दांत संसार उरकणारी ती बाई, तिचं बोलणं संपतच नव्हतं. नाना मध्येच विचारायचे, "लाल कोठे? मजारला घुमटमा का बाहेरना?" सांगून भागेना तेव्हा अक्कांनी त्यांचा उजवा हात मांडीवर ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटानं एक एक पाकळी काढायला लागल्या.

तेवढ्यात खंडव्याकडून मालगाडी आली आणि न थांबता फलाटावरून धडधडत जायला लागली. शेवटच्या ब्रेकमध्ये उभ्या गार्डनं नानांना ओळखलं. हिरवं निशाण बाहेर धरून तो हसून ओरडला, "नाना, राइट?"

रेल्वेचा माणूस त्या निशाणाला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही. झोपेतसुद्धा हात वर जातो. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी त्या गार्डाकडे बघून नुसती मान हलवली. उजवा हात उचलला नाही. त्याच्यावर अक्कांचं फूल अजून पुरं व्हायचं होतं.